रकान्यात न मावलेले स्निग्धद्रव्य

मालवण, कुडाळ, कणकवली किंवा वेंगुर्ले येथील एखाद्या रक्ततपासणी केंद्रातून, उपाशीपोटी दिलेल्या रक्ताचा जो अहवाल हातात पडतो, त्यातील स्निग्धपदार्थांच्या सदरात एकूण कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड, एचडीएल, एलडीएल आणि व्हीएलडीएल असे पाच रकाने बहुधा ठरलेले असतात. आणि या नावांचा प्रसार अलीकडे एवढा झाला आहे की रापणीचा दोर ओढणारा गडी आणि निवृत्त मामलेदार हे दोघेही आपापले आकडे तोंडपाठ सांगू शकतात. या आकड्यांविषयी माझी तक्रार नाही. तथापि ज्या द्रव्यावाचून या पाचांपैकी एकालाही रक्तातून वाटचाल करता आली नसती, जे निरोगी प्रौढाच्या रक्तद्रवात कोलेस्टेरॉलच्या जवळजवळ बरोबरीने, म्हणजे दर डेसिलिटरला सुमारे २०० मिलिग्रॅम असते, आणि ज्याच्या घडणीत आपल्या ताटातील बांगड्याची व नारळाची नोंद अगदी निरनिराळी उतरते, त्या फॉस्फोलिपिड नावाच्या द्रव्यवर्गाला मात्र अहवालात एकही ओळ मिळत नाही. याला कारणे आहेत आणि ती सर्वस्वी गैरवाजवी नाहीत. पण ती सांगण्यापूर्वी या द्रव्याचा कारभार पाहणे इष्ट होईल.

स्निग्धपदार्थ पाण्यात विरघळत नाहीत आणि रक्तद्रव हा नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असतो, ही शरीरापुढील मूळ अडचण. सोलकढीसाठी खवलेला नारळ वाटून पिळला म्हणजे जो पांढराशुभ्र रस निघतो, त्यातही हीच अडचण तात्पुरती सुटलेली असते: तेलाचे असंख्य सूक्ष्म थेंब नारळातीलच प्रथिनांच्या आणि फॉस्फोलिपिडांच्या पातळ आवरणामुळे पाण्यात तरंगत राहतात आणि म्हणून रस दुधासारखा दिसतो. मात्र पातेले काही वेळ तसेच ठेवले की वर दाट थर येतो आणि खाली निवळ पाणी उरते. मानवी रक्ताचेही प्रसंगी असेच होते. ज्याच्या रक्तात ट्रायग्लिसराइड फार वाढलेले आहे अशा रुग्णाचे सीरम परीक्षानळीत पिवळसर पारदर्शक न दिसता दुधाळ दिसते, आणि ती नळी रात्रभर फ्रिजमध्ये उभी ठेवली तर सकाळी तिच्या तोंडाशी सायीसारखा थर जमलेला आढळतो. स्वयंचलित यंत्रे येण्यापूर्वी वैद्य या थरावरून रोगाचे अनुमान करीत असत, आणि ते अनुमान पुष्कळदा बरोबरही ठरत असे. पण निरोगी माणसाच्या रक्तात, रात्रीच्या उपासानंतर, असा थर येत नाही. तेथे स्निग्धांश इतक्या बारीक कणांत विभागलेला असतो आणि त्या कणांवरील आवरण इतके चोख बसलेले असते, की नारळाच्या रसाची गत रक्ताला सहसा प्राप्त होत नाही.

हे आवरण मुख्यतः फॉस्फोलिपिडांचे. त्याचा एक रेणू डोळ्यांपुढे आणावयाचा तर ग्लिसरॉल नावाचा तीन जागांचा सांगाडा कल्पावा: पहिल्या दोन जागांवर मेदाम्लांची दोन लांब शेपटे, ज्यांना पाण्याचे वावडे, तिसऱ्या जागेवर फॉस्फेट आणि त्याला जोडलेला कोलीन हा नत्रयुक्त अंश, ज्याला पाणीच प्रिय. अशा द्विस्वभावी रेणूंना तेल आणि पाणी यांच्या सीमेवर सोडले की कोणी हुकूम न करताच ते रांगेत उभे राहतात, डोकी पाण्याकडे आणि शेपटे तेलाकडे. रक्तातील स्निग्धकणावर हा थर एकपदरी असतो. त्यात अधूनमधून मोकळ्या कोलेस्टेरॉलचे रेणू शिरलेले, वरून प्रथिनाची वेटाळी, आणि आत गाभ्यात ट्रायग्लिसराइड व मेदाम्लाशी जखडलेले कोलेस्टेरॉल: अशा संयुक्त कणाला मेदप्रथिन किंवा लिपोप्रोटीन म्हणतात. अहवालातील एलडीएल म्हणजे असाच एक कण. त्याचा व्यास सुमारे २२ नॅनोमीटर. त्याच्या पृष्ठभागावर अदमासे ७०० फॉस्फोलिपिड रेणू आणि ६०० मोकळ्या कोलेस्टेरॉलचे रेणू, पोटात जखडलेल्या कोलेस्टेरॉलचे सुमारे १,६०० रेणू, आणि या सर्वांभोवती ४,५३६ ॲमिनो आम्लांची साखळी असलेले एकच एक अजस्र प्रथिन. एवढा सारा संसार इतक्या अल्प जागेत कसा मावतो, याचे आश्चर्य मला ते पाठ झाल्यावरही वाटत आले आहे.

कणांचे आकार निरनिराळे असल्यामुळे त्यांतील फॉस्फोलिपिडाचा वाटाही बदलतो आणि तो भूमितीच्या साध्या नियमाने बदलतो. गोल जितका मोठा तितका त्याच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग थोडा. म्हणून जेवणानंतर आतड्यातून निघणाऱ्या कायलोमायक्रॉन या सर्वांत मोठ्या कणात वजनाने सातआठ टक्केच फॉस्फोलिपिड असते. यकृतातून सुटणाऱ्या व्हीएलडीएलमध्ये ते सुमारे १८ टक्के, एलडीएलमध्ये २० ते २४ टक्के, आणि जेमतेम ७ ते १२ नॅनोमीटर व्यासाच्या एचडीएलमध्ये पाव हिश्शाहून अधिक भरते.

ही सारी माहिती मिळवण्यास शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. पॅरिसच्या थिओदोर गोब्ले या औषधशास्त्रज्ञाने १८४६-४७ च्या सुमारास कोंबडीच्या अंड्याच्या बलकातून फॉस्फरसयुक्त स्निग्धद्रव्य वेगळे केले आणि १८५० मध्ये त्याला लेसिथिन हे नाव दिले; आजच्या रासायनिक परिभाषेत त्यालाच फॉस्फॅटिडिलकोलीन म्हणतात. रक्तात स्निग्धपदार्थ व प्रथिन हे एकत्र बांधलेले सापडतात हे मात्र १९२९ मध्ये पाश्चर संस्थेतील मिशेल माशबफ यांनी घोड्याच्या सीरमवर प्रयोग करून दाखवले. पुढे १९४९-५० मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे जॉन गोफमन आणि त्यांचे सहकारी यांनी मानवी सीरममध्ये मीठ घालून त्याची घनता वाढवली, ते अतिवेगवान सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवले, आणि स्निग्धकण आपापल्या घनतेप्रमाणे निरनिराळ्या पातळ्यांवर तरंगून वर येतात असे सिद्ध केले. एचडीएल, एलडीएल ही नावे मूळची या घनतेवरूनच पडलेली आहेत. गोफमन यांनी महायुद्धाच्या काळात अणुबाँबच्या प्रकल्पासाठी प्लुटोनियम वेगळे करण्याचे काम केले होते. त्याच माणसाने पुढे हृदयविकाराच्या अभ्यासाची दिशा बदलावी, हा विज्ञानाच्या इतिहासातील एक विलक्षण योग होय.

आता घडणीचा प्रश्न. फॉस्फोलिपिड हे एकच द्रव्य नसून तो एक परिवार आहे. मानवी रक्तद्रवात त्यातील सुमारे दोनतृतीयांश वाटा लेसिथिनचा, पाचव्या हिश्शाच्या आसपास स्फिंगोमायलिनचा, आणि उरलेला एक शेपूट गमावलेल्या लायसोलेसिथिनचा व इतर किरकोळ जातींचा असतो. पण ही वाटणी सर्व कणांत सारखी नाही. एलडीएलच्या आवरणात स्फिंगोमायलिन साधारण चौथा हिस्सा असते, तर एचडीएलच्या आवरणात त्याच्या निम्म्याच्या आसपास. हा फरक किरकोळ नाही. स्फिंगोमायलिनची शेपटे बहुधा सरळ व ताठ असतात, ती कोलेस्टेरॉलला घट्ट धरून ठेवतात आणि आवरण कडक करतात. लेसिथिनची शेपटे वाकडी असल्याने त्याचे आवरण सैल व चंचल राहते, आणि अशा चंचल आवरणाच्या एचडीएलला पेशींकडून कोलेस्टेरॉल उचलणे सोपे जाते. शिवाय एचडीएलवर एक एन्झाइम काम करीत असते, ज्याचा उलगडा सिएटलच्या जॉन ग्लॉमसेट यांनी १९६२ मध्ये केला. ते लेसिथिनच्या दुसऱ्या जागेवरील शेपूट काढून घेते आणि कोलेस्टेरॉलच्या पदरी बांधते. तसे झाले की कोलेस्टेरॉल पृष्ठभागावरून गाभ्यात जाते आणि आवरणावर नव्या कोलेस्टेरॉलसाठी जागा मोकळी होते. उरलेले लायसोलेसिथिन बहुतांशी अल्ब्युमिन या प्रथिनावर बसून निघून जाते. याचा अर्थ असा की लेसिथिन हे केवळ वेष्टन नव्हे; या व्यवहारात त्याचा स्वतःचा एक अवयव खर्ची पडतो.

मग अहवालात रकाना का नाही? पहिले कारण मोजणीच्या पद्धतीत आहे. फॉस्फोलिपिडाच्या वजनात फॉस्फरस सुमारे चार टक्के असतो, म्हणून जुन्या प्रयोगशाळांत सीरममधील स्निग्धांश क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल यांच्या मिश्रणात उतरवून घेत, त्यातील फॉस्फरस मोजत आणि येणाऱ्या आकड्याला २५ ने गुणत. एकूण बेरीज यावरून मिळे, पोटवाटणी नव्हे. ती हवी असल्यास सिलिकाचा पातळ लेप दिलेल्या काचेच्या पट्टीवर अर्काचे ठिपके ठेवून पट्टीचे टोक द्रावकात उभे करावे लागे. द्रावक वर चढता चढता प्रत्येक जातीला आपापल्या उंचीवर सोडून देई, मग पट्टी आयोडीनच्या वाफेत धरली की एकाखाली एक तपकिरी डाग उमटत, आणि प्रत्येक डाग खरवडून त्यातील फॉस्फरस वेगळा मोजावा लागे. एका रुग्णासाठी हा खटाटोप कोण करणार? आता वस्तुमान-वर्णपटमापक यंत्राने हे काम फार सूक्ष्मपणे होते. २०१० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी मानवी रक्तद्रवाच्या एका प्रमाणित नमुन्यात सुमारे ६०० प्रकारचे स्निग्धरेणू मोजून दाखवले. पण ते यंत्र तालुक्याच्या गावी असण्याची गोष्ट नव्हे. दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे: एवढी पोटवाटणी हाती आली तरी तिच्यावरून डॉक्टरांनी कोणते औषध वाढवावे वा कमी करावे याचा सर्वमान्य दंडक अद्याप ठरलेला नाही. उलट पाच रकान्यांतील एलडीएलचा आकडासुद्धा पुष्कळदा मोजलेला नसतो. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करून, १९७२ मध्ये फ्रीडवाल्ड यांनी सांगितलेल्या सूत्राने, तो काढलेला असतो. ज्या कारभारात एक मुख्य आकडाच वजाबाकीने येतो, तेथे सहावा रकाना नाही म्हणून रुसून बसण्यात अर्थ नाही, असे माझे मत आहे.

तरीही सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या वाचकाला या घडणीविषयी विशेष कुतूहल वाटावे असे एक कारण आहे, आणि ते त्याच्या रोजच्या जेवणातच सापडते. बांगड्याच्या आमटीत दोन अत्यंत भिन्न प्रकृतीचे स्निग्धपदार्थ एकत्र शिजतात. एक वाटपातल्या नारळाचा: त्याच्या तेलात सुमारे निम्मा वाटा लॉरिक आम्लाचा, ज्याची साखळी अवघ्या १२ कर्बाणूंची आणि संपूर्ण संपृक्त. दुसरा बांगड्याचा स्वतःचा. बांगडा चिरताना कण्याच्या दोन्ही अंगांना, कातडीलगत, जी काळपट तांबूस मांसाची पट्टी दिसते, जी काही नाजूक मंडळी उग्र लागते म्हणून ताटाच्या कडेला सारतात, तीत पांढऱ्या मांसापेक्षा स्निग्धांश अधिक असतो. आणि त्या स्निग्धांशात २० व २२ कर्बाणूंच्या, पाच-सहा ठिकाणी वाकलेल्या, ईपीए आणि डीएचए या ओमेगा-३ मेदाम्लांचा भरणा असतो. तारल्यांची तर गोष्टच निराळी. चांगल्या हंगामातले तारले तव्यावर घातले की ते स्वतःच तेल सोडू लागते.

या दोन स्निग्धांशांचे रक्तात पुढे काय होते? लॉरिक आम्लाचा काही भाग थेट यकृताकडे जाऊन जळण म्हणून खर्च होतो, बाकीचा कायलोमायक्रॉनच्या गाभ्यात ट्रायग्लिसराइड होऊन फिरतो. पण फॉस्फोलिपिडाच्या सांगाड्यावर त्याला जवळजवळ प्रवेशच नाही, कारण तेथे जागा वाटून देणारी एन्झाइमे पहिल्या जागी १६ किंवा १८ कर्बाणूंचे संपृक्त आम्ल आणि दुसऱ्या जागी लांब व वाकडे असंपृक्त आम्ल बसवणे पसंत करतात. नारळ एलडीएल व एचडीएल या दोन्हींतील कोलेस्टेरॉल वाढवतो हे खरे; तथापि आवरणाच्या घडणीत तो स्वतः दिसत नाही. बांगडा मात्र दिसतो. शेंगदाण्याच्या किंवा सूर्यफुलाच्या तेलावर पोसलेल्या माणसाच्या लेसिथिनमध्ये दुसऱ्या जागेवर लिनोलिक आम्लाचे प्राबल्य असते. तोच माणूस नियमाने तेलकट मासे खाऊ लागला की काही दिवसांतच त्या जागांपैकी काही ईपीए आणि डीएचए यांच्या ताब्यात जातात, आणि ग्लॉमसेट यांच्या एन्झाइममार्फत तीच शेपटे पुढे कोलेस्टेरॉललाही जोडली जातात. रक्तद्रवातील फॉस्फोलिपिडांवरून अलीकडच्या काही आठवड्यांतील आहार कळतो, तांबड्या पेशींच्या आवरणावरून तीनचार महिन्यांचा. एखाद्याने वैद्यासमोर आपल्या मत्स्याहाराविषयी कितीही अतिशयोक्ती केली तरी लेसिथिन त्याची साक्ष द्यायला तयार असेलच असे नाही.

या विषयाला जगभर चालना मिळाली ती ग्रीनलंडमुळे. हान्स ओलाफ बँग आणि यॉर्न डायरबर्ग हे डॅनिश संशोधक १९७० मध्ये उमनाक येथील इन्युइट लोकांच्या रक्ताचे नमुने घेण्यास गेले, आणि सील व मासे यांच्या मेदावर जगणाऱ्या या लोकांच्या रक्तात ट्रायग्लिसराइड कमी असल्याचे त्यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे या लोकांना हृदयविकार जवळजवळ होतच नाही असा जो बोलबाला झाला त्यावर नंतर यथायोग्य शंका घेण्यात आल्या. रक्तातील मेदाम्लांविषयीची निरीक्षणे मात्र टिकली. मालवणच्या माणसाने त्यावरून आपल्याकडेही सर्व आलबेल आहे असे समजू नये. ग्रीनलंडच्या ताटात भाताचा डोंगर नव्हता.

जादा भाताचा मेद यकृतातच बनतो, म्हणून यकृताचा संबंध येथेच येतो. व्हीएलडीएल बाहेर सोडण्यासाठी यकृताला ताजे लेसिथिन लागते. ते कमी पडले की मेद बाहेर न जाता यकृतातच साचू लागतो. इन्शुलिनच्या शोधातील सहकारी चार्ल्स बेस्ट यांनी १९३२ मध्ये स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांवरील प्रयोगांत लेसिथिन दिल्याने यकृतातील मेद कमी होतो असे दाखवले, आणि त्यातील गुणकारी अंश कोलीन हा असल्याचे पुढे निष्पन्न झाले. यकृत बरेचसे लेसिथिन आहारातील कोलीनपासून करते आणि सुमारे तिसरा हिस्सा दुसऱ्या एका फॉस्फोलिपिडावर तीन मिथिल गट चढवून करते. या मिथिल गटांचा पुरवठा चालू राहण्यास ब१२ जीवनसत्त्व आवश्यक असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा जो दीर्घ अभ्यास १९९३ पासून केला, त्यात सुमारे दोनतृतीयांश स्त्रियांत ब१२ कमी आढळले. किनाऱ्यावरच्या माणसाला ब१२ माशांतून सुखाने मिळते. सोमवार, संकष्टी आणि श्रावण पाळूनही ते पुरते, कारण यकृत त्याचा साठा दीर्घकाळ राखून ठेवते. लेसिथिनच्या गोळ्या विकत घेण्याचे कारण मात्र मला दिसत नाही. आपल्या पित्तातूनच आतड्यात दररोज जेवढे लेसिथिन उतरते, ते अशा गोळीत असलेल्याच्या कितीतरी पट असते.

शेवटी एचडीएलविषयी, कारण महाराष्ट्राची खरी अडचण तेथे आहे. मुंबईचे डॉ. शशांक जोशी आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ मध्ये महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंदीगड येथील जी पाहणी प्रसिद्ध केली, तीत एलडीएल वाढलेले लोक ११.८ टक्केच होते. एचडीएल कमी असलेले मात्र ७२.३ टक्के. फॉस्फोलिपिडाने सर्वांत समृद्ध असलेला कणच आपल्याकडे दुर्मिळ, असा याचा अर्थ. एचडीएल मुळात जन्मास कसा येतो याचा सुगावा अमेरिकेच्या चेसापीक उपसागरातील टँजियर नावाच्या, खेकडे व कालवे पकडून जगणाऱ्या लहानशा बेटावर लागला. तेथील एका मुलाच्या गलग्रंथी नारिंगी पिवळ्या दिसत होत्या, त्यांत कोलेस्टेरॉल साचलेले होते, आणि रक्तात एचडीएल जवळजवळ नव्हतेच. डोनाल्ड फ्रेडरिक्सन यांनी १९६१ मध्ये या विकाराची नोंद केली. त्याचे जनुक १९९९ मध्ये सापडले तेव्हा कळले की त्या जनुकाचे काम पेशीतील फॉस्फोलिपिड आणि कोलेस्टेरॉल बाहेर ढकलून रिकाम्या प्रथिनाच्या हवाली करणे हे आहे. ज्या प्रथिनाला फॉस्फोलिपिड मिळत नाही त्याचा निकाल मूत्रपिंडे लवकरच लावतात.

यावरून एचडीएलचा आकडा औषधाने वाढवला की काम झाले, अशी समजूत होणे स्वाभाविक होते. टॉरसेट्रॅपिब या औषधाने तो आकडा खरोखरच पुष्कळ वाढवला. पण घेणाऱ्यांत मृत्यू अधिक आढळल्याने डिसेंबर २००६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. तेव्हा संशोधकांनी दुसरा मार्ग धरला: माणसाच्या रक्तातून काढलेले एचडीएलचे प्रथिन आणि लेसिथिन एकत्र करून तयार केलेला, पेशींतील कोलेस्टेरॉल उचलण्यास आतुर असा कृत्रिम कण, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांना आठवड्यातून एकदा असा चार वेळा शिरेतून द्यावयाचा. अठरा हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या या चाचणीचे फळ २०२४ मध्ये जाहीर झाले. नव्वद दिवसांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू, पुन्हा झटका किंवा पक्षाघात यांपैकी काही घडले ते औषध घेणाऱ्यांपैकी ४.८ टक्के लोकांना आणि न घेणाऱ्यांपैकी ५.२ टक्के लोकांना. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरला नाही. कणाचे लेसिथिन कोणत्या मेदाम्लांचे असावे, त्यात स्फिंगोमायलिन किती असावे आणि तो झटक्यानंतर द्यावा की आधी, हे प्रश्न प्रयोगशाळांत अजून चालूच आहेत. तोवर आपल्या जिल्ह्यातील डॉक्टर पूर्वीप्रमाणेच कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी लिहून देतील, आणि ते योग्यच आहे.